पट्टीखाली कलम नव्हतेच

आमचे गाव वरूड तालुक्यात आहे आणि येथे कलम म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांमधून संत्र्याची रोपे आणताना जंबेरी या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळे धरणाऱ्या खालच्या रोपावर, संत्र्याचा डोळा (फुटणारी कळी) जमिनीपासून वीतभर उंच भरलेला आहे की नाही, हे आमच्या घरातील माणसे बोटाने चाचपून पाहतात, कारण डोळा मातीजवळ असला तर पुढे डिंक्या हा बुंध्यातून डिंक पाझरणारा रोग लागून झाडे दगावतात. अशा गावात राहून मी गेल्या वर्षी पौषात अ‍ॅडेनियम या फुलझाडाची चौदा रोपे कलमी समजून, त्यांच्या जोडावर गुंडाळलेली पट्टी न सोडता विकत घेतली. त्यांतील एकही कलमी नव्हते. यंदाही थंडी पडताच रोपांचे टेम्पो आठवडी बाजारांतून दिसू लागले आहेत, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

अ‍ॅडेनियम हे आफ्रिका व अरबस्तानातील कोरड्या प्रदेशांतले झाड. लोक त्याला वाळवंटी गुलाब म्हणतात, पण कुळाने ते कण्हेर आणि चाफ्याच्या नात्यातले आहे आणि त्याचा चीक तसाच विषारी असतो. आमच्या अंगणात वैशाखात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा जास्वंदाच्या कळ्याही गळून पडतात. अ‍ॅडेनियम मात्र त्या उन्हात फुलते. साधे गुलाबी, एकेरी पाकळ्यांचे झाड माझ्याकडे पाच वर्षांपासून आहे. मला हवी होती ती थरांच्या पाकळ्यांची, काळपट लाल आणि पिवळी जात. अशा झाडाचे बी पेरून तेच फूल मिळेल याची खात्री नसते; हमखास तेच फूल हवे तर साध्या रोपाच्या खुंटावर त्या जातीची फांदी बांधावी लागते. हे मला ठाऊक होते, आणि विक्रेत्यालाही पुरते ठाऊक होते.

“काकू, तैवानची जात आहे, कलमी आहे, ही पट्टी सहा महिने सोडू नका, नाहीतर जोड उसवेल,” असे त्याने सांगितले. प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर एक उमललेले फूल होते, मोबाइलमध्ये छायाचित्रे होती आणि भाव एका रोपाला 450 रुपये होता. माझ्या शब्दावर बचत गटातील चार जणींनीही रोपे घेतली. सर्वांच्या मिळून चौदा रोपांचे 6,300 रुपये मी माझ्या मोबाइलवरून भरले. पैसे ज्या नावावर गेले ते त्या माणसाने सांगितलेले नाव नव्हते. ते मला त्याच क्षणी दिसले होते आणि तरीही मी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते त्याच्या उत्तरांविषयी, कारण त्याच्या प्रत्येक खोट्याला एका खऱ्या गोष्टीचा टेकू होता. अ‍ॅडेनियमचा बुंधा फुगीर असतो, तो या रोपांत का दिसत नाही, असे मी विचारले, तेव्हा तो मातीत आहे, कुंडी बदलताना दरवर्षी थोडा वर उचलायचा, असे तो म्हणाला. जाणकार बागवान खरोखरच तसे करतात. दोन दिवसांत सगळी फुले एकदम गळाली, तेव्हा फोनवर त्याने प्रवासातील हिसक्यांचे कारण दिले, आणि प्रवासात फुले गळतात हेही खरे आहे. पुढे पानेही झडली. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले की अ‍ॅडेनियम पाने टाकून विश्रांती घेते, म्हणून चैत्रापर्यंत थांबा आणि पाणी अगदी कमी द्या, असे त्याने सांगितले. हा सल्लाही बिनचूक होता. त्याच्या आधाराने त्याने तीन महिने मिळवले, आणि गुढीपाडव्यानंतर मी फोन केला तेव्हा तो क्रमांक बंद झालेला होता.

गळालेल्या फुलांपैकी एक मी वहीत ठेवले होते. त्याच्या देठाला वाळलेल्या डिंकाचा पारदर्शक थेंब होता. म्हणजे फुले दुसऱ्या झाडाची तोडून शेंड्यांना चिकटवलेली होती. मग आमच्याकडे डोळे भरायला येणाऱ्या काकांना बोलावून पट्ट्या सोडल्या. आत जोडाची रेघ नव्हती, कापल्याची खूण नव्हती, खालपासून वरपर्यंत एकच साल होती. पिशव्या फाडल्या तेव्हा अकरा काड्यांना मूळच नव्हते, त्यांची टोके काळी पडून कुजली होती. तीन जगल्या, पण फांदीपासून केलेल्या रोपाला बियांच्या रोपासारखा डौलदार बुंधा सहसा धरत नाही. तिन्हींना पावसाळ्याच्या तोंडी माझ्या अंगणात आहे तेच साधे गुलाबी फूल आले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी बोलले. त्यांनी पावती आणि विक्रेत्याचा पत्ता विचारला. माझ्याकडे दोन्ही नव्हते. म्हणून कलमी रोप घेताना पट्टी विक्रेत्यासमोर सोडायला लावावी. सांधा जुळायला काही आठवडे पुरतात, आणि विकायला आणलेल्या रोपाचा जोड पट्टी सोडताच उसवत असेल तर ते विकण्याजोगे झालेलेच नाही. जोड कोठे आहे हे नखाने चाचपावे, फुलाचा देठ हलकेच हलवून पाहावा, पिशवीच्या तळाच्या छिद्रांतून पांढरी मुळे दिसतात का ते पाहावे आणि पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते वाचूनच पुढचे बटण दाबावे. चौघींचे पैसे मी परत देऊ केले होते. दोघींनी घेतले, दोघींनी नाकारले, आणि त्या दोघींच्या अंगणात जगलेल्या तीनपैकी दोन काड्या आता मी लावून दिल्या आहेत.