पेट्रिच की गेव्गेलिया? थेसालोनिकीतल्या एका शिलाईवाल्याचा हिशेब

थेसालोनिकीहून उत्तरेला गाडी काढली की तासाभरात एव्झोनीची सीमा लागते, आणि पलीकडे गेव्गेलिया. जरा पूर्वेकडचा रस्ता धरला तर सव्वा-दीड तासात प्रोमाखोनास, पलीकडे कुलाता आणि पुढे थोड्याच अंतरावर पेट्रिच. गेव्गेलिया उत्तर मॅसिडोनियात, पेट्रिच बल्गेरियात. ग्रीक मालक दोन्हीकडे जातात आणि कंपनीच्या नफ्यावर कर दोन्हीकडे 10 टक्केच. त्यामुळे कराच्या तक्त्याकडे बघून ठरवायला बसाल तर बसूनच राहाल.

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. त्यांचं कापड घेणारा ग्रीक गिऱ्हाईक सीमेपलीकडे स्वतःचं युनिट टाकतोय, त्यात भागी घ्यावी का, आणि घेतली तर कुठल्या बाजूला जोर लावावा, असं विचारत होते. मी मूळचा सोलापूरचा. बायको इथली, धंदा मेव्हण्याबरोबर: हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांचे शर्ट, एप्रन, जाकिटं. आम्ही दोन्ही गावांत काम करून पाहिलंय. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अशा गुंतवणुकीच्या गप्पांत 'उदयोन्मुख बाजारपेठ' हा शब्द येतोच, आधी त्याबद्दल. 2013 मध्ये एमएससीआय या निर्देशांकवाल्या संस्थेने खुद्द ग्रीसलाच विकसित देशांच्या यादीतून काढून उदयोन्मुखांत टाकलं होतं. मेव्हणा तेव्हा म्हणायचा, आता आपण घरबसल्याच परदेशी गुंतवणूकदार झालो. 2015 च्या जूनअखेर कर्जसंकटात इथल्या बँका बंद झाल्या, एटीएममधून दिवसाला 60 युरो मिळायला लागले, कंपनीला बाहेर पैसे पाठवायचे तर परवानगी. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या निम्म्या धंदेवाल्यांच्या तोंडी पेट्रिचचं नाव आलं. त्यातले बरेच कर वाचवायला गेले. तेव्हा ग्रीसमध्ये कंपनीकर 29 टक्के होता, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज तो 22 आहे. फरक उरला 12 टक्क्यांचा, आणि दोन घरं चालवायचा खर्च त्यातला किती खातो ते ज्याचं त्याने पाहावं.

गेव्गेलियाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण खूप आहे. माझ्या मते हात तिकडचे चांगले. थोडं आत श्तिप नावाचं शहर आहे, तो सगळा पट्टाच शिलाईचा. तिथे 'माकेदोन्का' नावाची मोठी सूतगिरणी होती. गिरणीचे दिवस सरले तरी हातातली कला उरते, हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या बायका कॉलर बसवायच्या तशी पेट्रिचमध्ये मला अजून बघायला मिळालेली नाही, निदान आमच्या युनिटमध्ये तरी. मजुरीही थोडी कमी पडली. तिथला देनार स्वतंत्र चलन असलं तरी कित्येक वर्षं युरोला साडेएकसष्टच्या आसपास चिकटून आहे, म्हणजे झोप उडावी असं काही नाही. सरकारच्या विशेष औद्योगिक क्षेत्रात शिरलात तर 10 वर्षांपर्यंत नफ्यावरचा करही माफ होऊ शकतो. पण ते मोठ्या कारखान्यांचं काम, चाळीस मशिनांवाल्याने त्या वाटेला न गेलेलं बरं.

राजकारणाचा काटा आता बोथट झालाय. 1994-95 मध्ये ग्रीसने या देशाची नाकेबंदी केली होती, आणि 'मॅसिडोनिया' या नावाचं भांडण 2018 च्या प्रेस्पा करारापर्यंत चाललं. मेव्हणा आजही 'मॅसिडोनिया' म्हणत नाही, राजधानीच्या नावाने 'स्कोपिया' म्हणतो. समोरचा माणूस ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि कॉफी मागवतो. धंद्याला तेवढं पुरतं.

मग अडलं कुठे? बटणात.

बाहेरून शिवून आणण्याला ग्रीक लोक फासोन म्हणतात, बल्गेरियन इश्लेमे, आपण जॉबवर्क. कापड आपलं, शिलाई त्यांची. आमचं पॉपलिन इचलकरंजीहून येतं आणि ड्युटी भरून थेसालोनिकी बंदरातून सुटतं. इथपर्यंत ठीक. पण उत्तर मॅसिडोनिया युरोपीय संघाबाहेर आहे. तिथे शिवलेला माल परत आणताना ड्युटीची सवलत हवी तर माल 'तिथला' ठरावा लागतो, आणि भारतीय कापडाला नुसती शिलाई मारून तो तिथला ठरत नाही. उरतो माल तात्पुरता बाहेर पाठवून परत आणायचा रस्ता. त्याला आधी परवाना. मग प्रत्येक स्टाइलचा हिशेब: किती मीटर गेलं, ॲव्हरेज (म्हणजे एका नगाला लागणारं कापड) किती, वेस्टेज किती, बटणं किती, दोरा किती. गेलेलं आणि आलेलं जुळलं पाहिजे.

आमच्या तक्त्यात एका शर्टाला आठ बटणं लिहिली होती. शर्टाच्या आत, लेबलखाली, एक जादा बटण टाकायची पद्धत असते ना, ते धरून झाली नऊ. गाडी सीमेवर उभी. प्रश्न असा की हे नववं बटण आलं कुठून? मेव्हण्याने सांगितलं, आमचंच आहे. मग ते गेल्याची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती, कारण तक्ता मीच भरला होता आणि जादा बटण मी धरलंच नव्हतं. चूक माझी होती हे कबूल, पण दोन दिवस गाडी उभी राहिली ती बाराशे बटणांसाठी. हाल्किदिकीतल्या हॉटेलला पास्खाच्या आधी गणवेश हवे होते. ते उशिरा पोचले आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. ईस्टरला इथे पास्खा म्हणतात, आणि हॉटेलवाल्यांचं वर्ष तिथून सुरू होतं. त्यानंतरचं ऐकून घेणारं कुणी नसतं.

तुमचं कापड इटलीचं किंवा ग्रीसचं असेल तर ही डोकेदुखी बरीच हलकी होते. तेव्हा युरोपीय मूळ धरून ईयूआर-1 या मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर माल विनाड्युटी परत येऊ शकतो. तशा माणसाला मी गेव्गेलिया नको असं म्हणणार नाही. पण प्रश्न इचलकरंजीहून आलाय.

पेट्रिचचं गणित कंटाळवाणं आहे, आणि तेच मला आवडतं. बल्गेरिया 2007 पासून संघात आहे. ड्युटी भरलेलं कापड गाडीत टाका, बिल आणि वाहतुकीची पावती द्या, झालं. बटणं मोजायला कुणी येत नाही. 1 जानेवारी 2025 पासून शेंगेन या खुल्या सीमांच्या करारामुळे सीमेवरची नेहमीची पासपोर्ट तपासणीही उठली. 1 जानेवारी 2026 पासून तिथे युरोच चालतो. त्याआधीही तिथलं जुनं चलन, लेव्हा, युरोला 1.95583 या दराने बांधलेलंच होतं, त्यामुळे खरा बदल माझ्या हिशेबनीसाच्या आयुष्यात झाला. लहानसहान सोयीही आहेत. नाताळ ग्रीसप्रमाणेच 25 डिसेंबरला, तर गेव्गेलियात 7 जानेवारीला. म्हणजे तिकडे आपली सुट्टी संपते तेव्हा त्यांची रंगात येते.

आता वाईट. माणसं मिळत नाहीत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बल्गेरियाची लोकसंख्या 90 लाखांच्या घरात होती, 2021 च्या जनगणनेत ती 65 लाखांवर आली. तरुण जर्मनीला गेले. आमच्याकडे ओव्हरलॉक मशीनवर बसणाऱ्या बायकांत चाळिशीच्या आतली एकच, आणि तीही कधी जाईल सांगता येत नाही. किमान वेतन 2024 मध्ये 933 लेव्हा होतं, 2025 मध्ये 1077 झालं. स्वस्त मजुरीवर दहा वर्षांचा बेत आखत असाल तर पेट्रिचमध्ये तो फसेल असं मला वाटतं.

दुसरं, नुसती पाटी लावायला जाऊ नका. लेव्हा होता तेव्हा तिथे 2 लेव्हांच्या भांडवलावर कंपनी निघायची, आणि एकेका इमारतीच्या दारावर ग्रीक कंपन्यांच्या नावांची गर्दी असायची. कंपनीचे निर्णय प्रत्यक्षात थेसालोनिकीत बसून घेतले जात असतील तर ग्रीक करखातं ती कंपनी ग्रीसचीच धरू शकतं, मग नोंदणी कुठेही असो. मशिनं, वीजबिल, पगारपत्रक आणि तिथे राहणारा व्यवस्थापक, एवढं खरोखर असू द्या. आणि राहता ग्रीसमध्ये, तर बल्गेरियन नंबरची गाडी ग्रीसमध्ये फिरवायचा मोह आवरा.

जाता जाता एक गंमत. 1925 मध्ये सीमेवरच्या एका चकमकीवरून ग्रीक सैन्य थेट पेट्रिचच्या दिशेने घुसलं होतं. म्हणतात की एका सैनिकाचं कुत्रं सीमेपार पळालं तिथून ते सुरू झालं. राष्ट्रसंघाने ग्रीसला माघार घ्यायला लावली, वर नुकसानभरपाईही द्यावी लागली. आमची मशिनं गेली तेव्हा नगरपालिकेच्या बाईंनी स्वतः येऊन जागा दाखवली.

म्हणून इचलकरंजीच्या त्या व्यापाऱ्यांना माझं म्हणणं असं: गिऱ्हाईक पेट्रिच म्हणत असेल तर भागीचं बोला, थोडी कमी मिळाली तरी चालेल. गेव्गेलिया म्हणत असेल तर नुसतं कापड विका आणि पैसे आगाऊ घ्या. कटिंग थेसालोनिकीतच ठेवा असंही त्याला सुचवून पाहा, वेस्टेज डोळ्यासमोर राहतं. माझा अनुभव एका सीझनचा आणि एका बटणाचा, तेवढं धरून चाला.

मेव्हणा अजूनही महिन्यातून एकदा गेव्गेलियाला जातो. दातांचा डॉक्टर तिथे स्वस्त आहे, आणि येताना तो टाकी फुल करून येतो.