जुळ्यांना पाजण्याची उशी : सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या जुळ्या मुली पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियनने झाल्या, थोरली 2.1 किलोची, धाकटी 1.8 किलोची. दोघींना अंगावरच पाजायचे हे ठरलेले होते, म्हणून घरी येताच कमरेला पट्ट्याने बांधायची रुंद उशी साडेतीन हजार रुपयांना मागवली.

पहिले पाच आठवडे ती पडूनच राहिली, आणि त्यात उशीचा दोष नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमायला वेळ लागतो. धाकटी चार घोटांत दमायची. तिला एकटीलाच घेऊन, हनुवटी सावरत पाजावे लागे आणि उरलेले दूध काढून वाटी-चमच्याने भरवावे लागे. त्या दिवसांत दोघींना एकदम घेण्याचा हट्ट कोणी धरू नये, असे मी कळकळीने सांगेन.

सहाव्या आठवड्यापासून मात्र उशी खरी उपयोगी पडली. मुलींची डोकी माझ्या तळव्यांत, पाय बगलेखालून पाठीकडे आणि सगळा भार उशीवर, त्यामुळे टाक्यांवर दाब येत नसे. पान्हा दोन्हीकडे एकदमच फुटतो. एकीला पाजताना दुसऱ्या बाजूने वाहून जाणारे दूध आता दुसरीच्या पोटात जाऊ लागले. थोरली जोराने ओढायची, त्यामुळे पान्हा लवकर फुटून धाकटीलाही कमी कष्टात दूध मिळे. आधी एका खेपेला सव्वा तास जाई, तो अर्ध्या तासावर आला, आणि दिवसाला अशा नऊ-दहा खेपा होत्या.

उणिवाही आहेत. सोबत एकच खोळ मिळते आणि दुधाने भिजलेली ती पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नसे. शेवटी आईने जुन्या सुती साडीच्या दोन खोळी शिवून दिल्या. पाचव्या महिन्यात फोम मधोमध दबला, तेव्हापासून खाली घडी केलेली गोधडी ठेवते. तिसऱ्या महिन्यापर्यंत दुसरे बाळ हातात द्यायला कोणीतरी जवळ लागतेच. निजलेले बाळ तर उशीवर क्षणभरही सोडू नये, कारण मान वाकून किंवा नाक दबून श्वास कोंडू शकतो.

आता दोघी उशीवरून उठू पाहतात, एकमेकींचे केस ओढतात, म्हणून दिवसा एकेकीलाच घेते. पहाटे तीनला मात्र उशी अजूनही लागते.