सिलिकॉनची पट्टी, सात महिने: गळ्यावरच्या वणाचा अनुभव

नोव्हेंबरात माझी थायरॉइडची गाठ काढली. गळ्याला खालची घडी पडते ना, बरोबर तिथं चार बोटं आडवा छेद. खपल्या गळून जखम पुरती बंद झाल्यावर सर्जननी चिठ्ठीवर सिलिकॉनची पट्टी लिहून दिली. डिसेंबर ते जून अशी सात महिने वापरली. औषधाच्या दुकानात "लावा ताई, वण जातो" यापलीकडे कुणी सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी निकाल सांगते. वण गेलेला नाही. चपटा झालाय, मऊ झालाय, हातभर अंतरावरून घडीत लपतो. यात पट्टीचा वाटा किती आणि नुसत्या दिवसांचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

पट्टी म्हणजे साबुदाण्याच्या पापडासारखा अर्धपारदर्शक, लिबलिबीत तुकडा, एका बाजूनं चिकट. हवा तेवढा कापायचा. पहिल्या दिवशी चार तास, मग वाढवत रोज निदान बारा तास. रात्री काढून सौम्य साबणानं धुवायची, चिकट बाजू वर ठेवून वाळवायची. एकदा माझी पट्टी पालथी पडली आणि घरातले सगळे केस, गोधडीचे धागे गोळा करून उठली. धुतली तरी तिचा चिकटपणा गेला तो गेलाच. एरवी एक तुकडा दहा-बारा दिवस पुरायचा. आणि हो, आसपास पावडर लावू नका, पट्टी धरतच नाही.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. तिसऱ्या आठवड्यात वण इतका बारीक होता की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. सातव्या-आठव्या आठवड्यात तोच जांभळट लाल झाला, गांडुळासारखा वर आला आणि रात्री खाजून जीव नकोसा करायला लागला. मला वाटलं, पट्टीच बाधली. दोन दिवस लावलीच नाही.

माझ्या नणंदेची मुलगी पॅथॉलॉजीत एमडी करते. तिला फोन केला तर हसली. "मामी, हे असंच होतं. आत काम जोरात चाललंय." बरी होणारी जखम आधी घाईघाईनं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) भरते, म्हणजे कच्चा गिलावा. मग ते काढून हळूहळू पहिल्या प्रकारचं पक्कं कोलॅजन घालते, आणि ही डागडुजी वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. रंग येतो तो त्या कामासाठी आलेल्या जास्तीच्या रक्तवाहिन्यांचा. पारदर्शक पट्टीवरून बोट दाबलं की लाली क्षणभर जायची आणि बोट उचललं की परत भरायची, ते मी नंतर मुद्दाम बघत बसायचे.

संक्रांतीला ती आली तेव्हा तिनं मोबाइलवर स्लाइडचे फोटो दाखवले. एका खास रंगात कोलॅजन लाल दिसतं आणि लवचीक तंतू काळे. साध्या त्वचेत लाल धागे बाजेच्या विणीसारखे एकमेकांत अडकलेले, आणि मधून बारीक काळ्या दोऱ्या. वणाच्या फोटोत लाल धागे सगळे एका दिशेनं, दाटीनं पडलेले, काळं जवळजवळ काहीच नाही. आपलं इलॅस्टिन, म्हणजे त्या काळ्या लवचीक तंतूंचं प्रथिन, बहुतेक आईच्या पोटात असताना आणि लहानपणीच तयार होऊन जातं, मोठेपणी जखमेत ते धड विणलं जात नाही. रफू केलेल्या जागेसारखंच हे. कापड जोडलं जातं, पण ती जागा ताणत नाही. ताकदसुद्धा पुरती येत नाही. तीन आठवड्यांचा वण मूळ कातडीच्या चौथ्या हिश्श्याएवढाच मजबूत असतो, तीन महिन्यांनी साधारण ८० टक्के, पुढे त्याहून फारसा नाही. सर्जन भरलेली कळशी उचलू नका म्हणत होते ते का, तेव्हा समजलं.

छेदाची दिशाही निम्मं काम करते. ऑपरेशनच्या आधी सर्जननी मला बसवून, मान सरळ ठेवायला लावून पेननं रेघ काढली होती. त्यामागे व्हिएन्नाचा कार्ल लँगर म्हणून शरीररचनाशास्त्रज्ञ आहे. त्यानं १८६१ साली प्रेतांच्या कातडीत गोल टोच्यानं भोकं पाडली, ती गोल न राहता लांबट झाली, आणि त्यांच्या रांगांवरून कातडीतल्या ताणाच्या रेषा कळल्या. माझा गळ्याचा छेद रेषेबरोबर आहे. पोटावरचा १९९९ च्या सिझेरियनचा छेद उभा, म्हणजे रेषांना आडवा, आणि तो आज बोटभर रुंद, चकचकीत आहे.

सिलिकॉन आत काही शिरत नाही. वरच्या थरातलं पाणी उडणं कमी करतं, ओलावा टिकला की "अजून कोलॅजन बनवा" ही हाकाटी थंडावते, असं मानतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्यांच्या वणांवर हे सुरू झालं. "पुरावा कच्चाच आहे मामी, पण अपाय नाही," असं भाचीचं मत.

अपाय नाही, हे जळगावच्या एप्रिलला मात्र कुणी सांगितलेलं नाही. ४३ डिग्रीत पट्टीखाली घामोळ्या उठल्या. आठवडाभर बंद ठेवली, मग फक्त रात्री पट्टी आणि दिवसा सिलिकॉनचं जेल, तुरीच्या दाण्याएवढं, वाळलं की वरून सनस्क्रीन. आपल्या रंगाला वण उन्हानं लगेच काळवंडतो. मंगळसूत्र तीन महिने काढूनच ठेवलं होतं, वाट्या नेमक्या तिथंच घासायच्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रोज गळ्याकडे बघायच्या.

एक खर्च फुकट गेला. दुकानदारानं पट्टीबरोबर कोलॅजन पावडरचा डबा गळ्यात मारला. पोटात गेलं की ते पचून तुकडे होतात, वणाचा पत्ता शोधत कुणी जात नाही. कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व मात्र लागतंच. १७४०च्या दशकात इंग्रज नौदल अधिकारी अँसनच्या जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा आजार, पसरली, तेव्हा १६९० च्या आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका म्हाताऱ्याच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या होत्या. म्हणजे जुन्या वणातही मोडणं-बांधणं चालूच असतं. हे ऐकल्यावर डबा जावेला दिला आणि पेरू आणले.

वण छेदाची हद्द सोडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढायला लागला, तर तो केलॉइड. छातीचं मधलं हाड, खांदा, कानाची पाळी इथं जास्त. तिथं पट्टीच्या भरवशावर बसू नका, डॉक्टर गाठा.

पैशांचं म्हणाल तर पट्ट्या आणि जेल मिळून साडेचार हजार गेले. परत वेळ आली तर पट्टी थंडीतच वापरीन, उन्हाळ्यात सरळ जेल. रोज पाच मिनिटं बोटानं वण चोळणं मात्र सोडणार नाही. फेब्रुवारीत पाण्याचा घोट घेतला की आरशात सगळी रेघ घोटाबरोबर वर ओढली जायची, आता कातडी जागेवर राहते.

उरलेला तुकडा गंमत म्हणून पोटावरच्या १९९९ च्या वणाला दोन महिने लावून बघितला. ढिम्म फरक नाही.