पांढरा खडा: क्वार्ट्झ की कॅल्साइट?

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पांढरट, अर्धपारदर्शक खडा हाती लागला की पहिला संशय क्वार्ट्झ आणि कॅल्साइट या दोन खनिजांवर. भरवशाची कसोटी कडकपणाची: खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोहस् मापनश्रेणीत क्वार्ट्झ ७, कॅल्साइट जेमतेम ३. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतो. कॅल्साइटवर चाकूचाच ओरखडा उठतो.

अनेकांना आम्लाचा थेंब टाकून फेस बघायची भारी हौस. कॅल्साइट फसफसतो हे खरंच, पण इथे क्वार्ट्झवरही चुन्याचं पांढरं कवच चढलेलं असू शकतं आणि मग फसफसतं ते कवच! थेंब ताज्या फुटलेल्या भागावरच टाकावा. तो भागही बोलका असतो: कॅल्साइट तिरक्या, सपाट पैलूंत फुटतो, क्वार्ट्झ फुटक्या बाटलीसारखा वक्र. रंगावर मात्र अजिबात जाऊ नये. लोहामुळे दोघेही पिवळे-तांबडे दिसू शकतात.