व्हियाला-व्हेर्मोरेलची 'अँपेलोग्राफी': हंगामभर वापरल्यानंतर

पिएर व्हियाला आणि व्हिक्टर व्हेर्मोरेल यांचे द्राक्षांच्या जाती ओळखण्यावरचे हे सात फ्रेंच खंड पॅरिसमध्ये १९०१ ते १९१० दरम्यान निघाले. त्यांची स्कॅन प्रत खरड छाटणीपासून (उन्हाळ्यातल्या पहिल्या छाटणीपासून) माल काढेपर्यंत वापरली. जात पानावरून ओळखायला पुस्तक अव्वल आहे. घड जुळवायला घेतलंत तर मात्र फसाल.

कारण चित्रातले घड जीएशिवायचे (मणी फुगवणारं जिबरेलिक अ‍ॅसिड), गर्डलिंगशिवायचे (सालीचं कडं काढणं). आपली थॉम्पसन ही बिनबियांची जात म्हणजे यातली सुलतानिना. तिचे बारीक मणी नाशिकच्या पॅकहाउसमध्ये कुणी ओळखणार नाही. म्हणून शेंडा आणि पान बघायचं. काडीवरचं आठव्या ते बाराव्या पेराचं, पूर्ण वाढलेलं, उन्हातलं पान घ्या. बगलफुटीचं नको, त्याच्या खाचा वेगळ्या येतात. आधी देठाजवळची खाच, मग बाजूच्या खाचा, दाते, शेवटी भिंगातून पालथ्या बाजूची लव. थॉम्पसनची पालथी बाजू गुळगुळीत असते. एका पानावर निकाल देऊ नका. चार-पाच वेलींची पानं शेजारी ठेवा.

सगळ्यात कामाचा पहिला खंड, जो छापला गेला शेवटी, १९१० मध्ये. त्यात रानटी अमेरिकन वेली आहेत. कलम मेल्यावर खालून आलेला फुटवा डॉगरिजचा की ११०आरचा (ज्यांवर कलम करतात ते हे दोन खुंट), हा वाद त्यांची लक्षणं माहीत असली की मिटतो. ११०आरचं पान रुपेस्ट्रिस या रानटी वेलीवर गेलेलं: लहान, रुंदट, बिनलवेचं, देठाची खाच सताड उघडी. डॉगरिजच्या कोवळ्या पानावर कोळिष्टकासारखी लव दिसते. व्हियाला १८८७ मध्ये अमेरिकेला गेले ते खुंटांसाठीच. फिलोक्सेरा या मुळांवरच्या किडीला पुरून उरणारे खुंट फ्रान्सच्या चुनखडीत पिवळे पडत होते, तिथले द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीनं टेक्सासच्या बर्लांडिएरी या रानटी वेलीत उपाय सापडला. ११०आर हा बर्लांडिएरी-रुपेस्ट्रिस संकरच. (व्हेर्मोरेल पाठीवरचे फवारणी पंप बनवणारे कारखानदार, हेही बागायतदाराला आवडेल.)

नाव शोधायचं तर सातव्या खंडातल्या कोशापासून सुरुवात करा, एकेका जातीला डझनभर नावं आहेत. पिकण्याचा काळ शासला जातीच्या तुलनेत दिलाय, दोन छाटण्यांच्या आपल्या पद्धतीत तो निरुपयोगी. तास-ए-गणेश, सोनाका यात नाहीत. थॉम्पसनच्या या निवडी पानावरून वेगळ्या काढताही येत नाहीत. स्कॅनमध्ये कागदाचा पिवळेपणा रंगात मिसळतो, तेव्हा काळ्या मण्यांच्या छटेवर विसंबू नका.

मूळ संच विकत घेणार असाल तर रंगीत चित्रं मोजून घ्या, पाचशे भरली पाहिजेत. फ्रेमसाठी पानं काढून विकलेले संचही बाजारात असतात.