झोपडी पाडायच्या आधी: भाडं घ्यायचं की ट्रान्झिट कॅम्प?

मुंबईत एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत झोपडी गेली की बिल्डर विचारतो, नवं घर होईपर्यंत बाहेर राहायला भाडं घेता का ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे तात्पुरत्या वस्तीत खोली. शेजारच्या काकू यातच अडकल्यात म्हणून लिहितेय.

खर्चाचं बघा. भाडं हातात येतं खरं, पण बाहेर रूम घ्यायची म्हणजे डिपॉझिट, दलाली, दर 11 महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट, आणि मालकाने भाडं वाढवलं की वरचे पैसे खिशातूनच. ट्रान्झिटमध्ये हे काही नाही, पण कॉमन संडास, पाण्याची बोंब, आणि कॅम्प लांब असला तर घरकाम करणाऱ्या बाईची जवळची चार घरं सुटतात, तो तोटा कोणी मोजतच नाही.

भरवशाचं म्हणाल तर आता 2 वर्षांचं भाडं आगाऊ भरून तिसऱ्या वर्षाचे पोस्ट डेटेड (पुढच्या तारखेचे) चेक बिल्डरने द्यायचा नियम आहे, ते जमा झाल्याचं एसआरए ऑफिसात विचारल्याशिवाय झोपडी अजिबात सोडू नका. तरी प्रोजेक्ट रखडला तर पुढे भाडं बंद पडू शकतं, कॅम्पात निदान छप्पर राहतं.

पोरांची शाळा, काम त्याच भागात असेल आणि डिपॉझिटची सोय असेल तर भाडं घ्या. घरात म्हातारी माणसं, कमाई रोजंदारीची, आणि कॅम्प जवळ असेल तर ट्रान्झिटच बरं.