पेस्टसाठी नायट्रिलचे हातमोजे: घ्या, पण माप बघून

सावळजला आमच्या द्राक्षबागेत यंदा ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टला हिरवे नायट्रिलचे, म्हणजे एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे, हातमोजे वापरले. कुपवाड एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या दुकानातून आणले. सगळीकडून लेप असलेले, मनगटाच्या बरेच वर येणारे, जोडी दीडशेच्या आसपास. पेस्ट संपेपर्यंत टिकले आणि एकाही बाईच्या हाताची साल निघाली नाही.

बाग नसलेल्यांना सांगते. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, हायड्रोजन सायनामाइड नावाचं औषध लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. यालाच आम्ही पेस्ट म्हणतो. कुठली काडी झाली ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग असतो. बायका स्पंज नाहीतर फडकं डब्यात बुडवून काडीवरून फिरवतात. उघड्या हाताला हे औषध लागलं की बोटांच्या बेचक्यात लाली येते, खाज सुटते, मग फोड. काहींना त्याची अ‍ॅलर्जीच बसते, आणि मग पुढच्या हंगामात एक थेंब लागला तरी हात भडकतो. युरोपियन संघाने २००८ साली या औषधाला मान्यता द्यायची नाही असं ठरवलं. आपल्याकडे ते सर्रास चालतं, तर निदान हात तरी झाकलेले हवेत.

गावात हातमोजे मागितले की बहुतेक वेळा दोऱ्याचे, फक्त तळव्याला रबर लावलेले पुढे करतात. ते पेस्टला अजिबात घेऊ नका. पाठीकडचा दोरा औषध पितो आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतो. त्यापेक्षा उघडा हात लगेच धुता तरी येतो. दवाखान्यातले पातळ मोजे तारेला आणि छाटलेल्या काडीच्या टोकाला लागून फाटतात.

आता तक्रार. दुकानात सगळे ९ आणि १० नंबरचे. आमच्याकडे पेस्ट लावतात त्या बायकाच, त्यांना ७ नाहीतर ८ लागतो. पहिल्याच दिवशी टोळीतल्या मावशी म्हणाल्या, "वैनी, ह्यात बोटंच सापडंनात, काडी कशी धरू?" मोजा सैल पडला की बाई तो काढून ठेवणार, आणि तिचं चुकत नाही, कारण काम उरकायचं असतं. मनगटाला रबरबँड लावून आम्ही वेळ निभावली, पण हा खरा उपाय नव्हे.

दुसरं म्हणजे घाम. ऑक्टोबरच्या उन्हात आत हात भिजतो, आणि भिजलेली कातडी लवकर सोलवटते. आत पातळ सुती मोजे घालायला दिले, दुपारच्या जेवणाला बदलायला लावले. नायट्रिलचे मोजे काढायच्या आधी वरूनच साबणाने धुवायचे. सकाळी पाणी भरून भोक बघायचं. हाताला रंग लागलाच तर रॉकेलने घासू नये, त्याने कातडी आणखी उलते, साबण-पाणी पुरे.

मोज्याने सगळं भागत नाही. पेस्ट लावणाऱ्याने किंवा औषध मिसळणाऱ्याने त्या दिवसांत दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, कारण हे औषध दारू शरीरात पचू देत नाही. टोळीला हे कामाआधी सांगावं, गडीमाणसांना तर नक्कीच.

मोज्यांचे पैसे बागवाल्याने द्यावेत, मजुरीतून कापू नयेत. दुकानदार ७ आणि ८ नंबर मागवून देतो म्हणालाय, पण ऐन छाटणीत गर्दी होते, तेव्हा सप्टेंबरमध्येच नोंदवा.